अस्तरातली चिठ्ठी

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मावशी म्हणत. सत्तरीतले म्हातारेसुद्धा, आणि तिला स्वतःला अजून साठी लागायची होती. धंदा शिवणकामाचा. नवे कपडे ती शिवत नसे. आखूड झालेलं वाढवायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, उसवलेलं पुन्हा शिवायचं, एवढंच. आणि या धंद्याच्या जोडीला एक काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. चर्चला यायची बंद झालेली माणसं परत आणायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही बरं का. चर्चमधलं कुणी दारात दिसलं की अशी माणसं आधी दार अर्धवट उघडतात, मग घड्याळाकडे बघतात, मग "येणारच होतो या रविवारी" असं धडधडीत खोटं बोलतात. मावशीच्या आधी हे काम एक गृहस्थ करायचे. ते उंबऱ्यातूनच सुरू व्हायचे, "आपण दिसला नाहीत, मंडळीला फार वाईट वाटलं." सहा वर्षांत त्यांनी एक माणूस परत आणला, आणि तोसुद्धा पत्ता चुकून भलत्याच घरात शिरले होते म्हणून.

मावशीची तऱ्हा वेगळी. पहिल्या भेटीत ती चर्चचं नावसुद्धा काढायची नाही. बसायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि बोलता बोलता घरातलं काहीतरी उसवलेलं हेरायची. लोंबणारं बटण, पडद्याची सुटलेली टीप, उशीचा फाटका अभ्रा. "आणा इकडे, मी नेते." वस्तू पिशवीत पडली की दुसरी भेट पक्की. दुसऱ्या भेटीत वस्तू परत करताना माणूस आपणहूनच सांगायला लागायचं, का येत नाही ते. कुणाचं चर्चच्या पाळकांशी वाजलेलं, कुणाचं मूल गेलेलं, कुणाची बाकावरची जागा दुसऱ्यानं बळकावलेली. आणि कुणाचं काहीच नाही. एक रविवार चुकला, मग दुसरा, मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. मावशी ऐकून घ्यायची. तिसऱ्या भेटीत ती काम सांगायची, "रविवारी जरा लवकर येऊन खुर्च्या लावायला हात द्याल का? माझा खांदा धरलाय." उपदेश ऐकायला कुणी परत येत नाही, पण आपल्यावाचून कुणाचं अडलंय म्हटलं की माणूस उठतो. अशी चौदा माणसं तिनं परत आणली होती.

आणि सख्खा भाऊ पाच वर्षं घरी बसलेला.

"मावशी, साऱ्या जगाचं शिवून देता, घरचं उसवलेलं राहिलंच की!" मंडळीचे चिटणीस दर दोनचार महिन्यांनी म्हणायचे. मावशी हसून सोडून द्यायची. घरी येऊन मशीनवर बसली की तेच वाक्य दिवसभर टोचत राहायचं.

भाऊ तिच्याहून चार वर्षांनी मोठा. ती त्याला दादा म्हणायची, आणि तो पुस्तकांची बांधणी करायचा म्हणून चर्चमध्ये सगळे त्याला बाइंडर म्हणायचे. वहिनी होती तेव्हा दोघं दर रविवारी उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर. वहिनी गेली, तिला पोचवायला तो चर्चमध्ये आला, तो शेवटचा. मावशीला वाटलं दुःख आहे, ओसरेल. सहा महिने थांबली. मग वर्ष गेलं. मग तिनं होत्या नव्हत्या तेवढ्या युक्त्या लावल्या. चर्चच्या गीतांच्या पुस्तकांच्या चिंध्या झाल्या होत्या, चांगल्या एकशेवीस प्रती. तिनंच खटपट करून त्या बांधायला त्याच्याकडे पाठवल्या. त्यानं एकेक पान सरळ केलं, नवी शिलाई घातली, कापडी पाठ लावली, आणि पुस्तकं अशी बांधली की लोक गायचं सोडून नुसते हात फिरवत बसले. पण पेट्या हातगाडीवरून आल्या. दादा नाही आला.

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. चर्चचा एक जुना नियम होता, कुणाच्या तरी पणजोबांनी केलेला. पाच वर्षं ज्यानं प्रभुभोजन घेतलं नाही, म्हणजे मेजापुढे जाऊन भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतला नाही, त्याचं नाव वार्षिक सभेत यादीतून खोडायचं. नाव खोडलं म्हणून कुणी उपाशी मरत नाही म्हणा. पण चर्चच्या मागची दफनभूमी एवढीशी, आणि तिथं जागा फक्त यादीतल्या माणसांना. वहिनीच्या शेजारी एक जागा दादासाठी राखलेली होती. वहिनीनंच राखून घेतली होती, आजारी पडल्यावर. "हे घोरतात, पण मला सवय आहे," असं तेव्हाच्या पाळकांना हसत सांगून. येत्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि लगेच त्याला लागून वार्षिक सभा. खोडायच्या यादीत एकच नाव होतं, दादाचं.

मंगळवारी मावशी त्याच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काम, मागे पडद्याआड पलंग आणि चुलीपुरती जागा. खळीचा आंबूस वास भिंतींत मुरलेला. टेबलावर आरी, सुया, मेण लावलेला दोरा, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. दादा एक जाडजूड पुस्तक शिवत बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"आलीस टकळे?" तो मान वर न करता म्हणाला. लहानपणी तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही, म्हणून हे नाव त्यानंच ठेवलेलं.

"रविवारी ये, दादा."

"चहा घेशील?"

"चहा नको मला. रविवारी ये. एकदाच. भाकर घे, प्याला घे, ऊठ आणि घरी जा. कुणी काही विचारणार नाही. मी विचारूच देणार नाही."

"आणि मग?"

"मग नाव राहील. जागा राहील तुझी. वहिनीच्या शेजारची."

त्याची सुई थांबली. "नियम ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे आणि गप्प बसलायस?"

"मनात काही नसताना हात पुढे करू? कशासाठी, तर तिच्याशेजारी पडायला मिळावं म्हणून? ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचंय तिला! म्हणेल, बरं झालं आलात."

"नाही म्हणणार," दादा म्हणाला. "तिला खोटं ओळखू यायचं नाही असं मलाही वाटायचं एकेकाळी."

हे काय बोलला ते मावशीला कळलं नाही, आणि कळून घ्यायला ती थांबलीही नाही. तिला राग आला होता. असा राग की पायातली चप्पल काढून टेबलावर आपटावी. साठी उलटून दोन वर्षं झालेला माणूस, रक्तदाबाची गोळी घेतो, जिना चढला की धापा टाकतो, आणि म्हणे मनात काही नाही. तुझं मन घेऊन बसलायस, इथं जागा चाललीय हातची!

दाराच्या मागे खिळ्याला त्याचा काळा कोट लटकत होता. रविवारचा कोट. खांद्यांवर धुळीचा थर, खालच्या कडेला अस्तर लोंबतंय.

"हा नेते मी," ती म्हणाली. "अस्तर सुटलंय."

दादा पहिल्यांदाच हसला. "पहिल्या भेटीत कोट न्यायचा, दुसऱ्या भेटीत परत आणायचा, तिसऱ्या भेटीत खुर्च्या लावायला बोलवायचं. मला शिकवतेस होय गं?"

"सुटलंय म्हणून नेतेय," मावशी फणकारली आणि कोट पिशवीत कोंबून बाहेर पडली.

शुक्रवारी ती पाळकांकडे गेली. हे पाळक नवे, तरुण, मनानं चांगले. त्यांनी तिच्यापुढे नियमांची वही उघडली आणि कपाळ चोळलं.

"मावशी, नियम मी केलेला नाही, आणि मोडणारा तरी मी कोण? मात्र एक कलम आहे. आजारपण असेल, किंवा मंडळीकडूनच त्या माणसावर काही अन्याय झाला असेल, तर भर सभेत कारण सांगायचं, ते नोंदवायचं, आणि नाव ठेवायचं. तसं काही झालंय का तुमच्या भावाच्या बाबतीत?"

"अन्याय कसला?" मावशी म्हणाली. "उलट वहिनीच्या दुखण्यात सगळ्यांनी पाळ्या लावल्या होत्या. मीच लावल्या होत्या."

पाळकांनी वही मिटली. मावशी तशीच हात हलवत परत आली.

शनिवारी सकाळी तिनं कोट हातात घेतला. कोट शिवला म्हणून दादा येणार नव्हता, हे तिला कळत होतं. पण हाताला दुसरं काय करता येत होतं? अस्तराची कड उलटून बघताना आतला खिसा तळाशी फाटलेला दिसला, आणि त्याच्याही खाली, कापड आणि अस्तराच्या मधे, बोटाला कागद लागला. तिनं चार टाके उसवले आणि कागद ओढून काढला. चौपदरी घडी. कागद तिच्याच दुकानातला. एका बाजूला कुणाचं तरी माप, छाती, कंबर, बाही, तिच्या निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूलाही अक्षर तिचंच.

"माझ्या दादासाठी प्रार्थना करावी. वहिनीच्या दुखण्यानं त्याचा विश्वास गेला आहे. आता प्रार्थना करता येत नाही असं तो म्हणतो. देवानं त्याला परत आणावं."

मावशीनं कागद उलटला, निळं माप बघितलं, आणि पुन्हा उलटला.

चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी असते. कुणाचं काही दुखत खुपत असलं तर चिठ्ठी लिहून त्या पेटीत टाकायची. पाळक उपासनेत चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात आणि सगळी मंडळी मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करते. चांगली रीत आहे. मावशी दर रविवारी दोनतीन चिठ्ठ्या टाकायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची गेलेली नोकरी. कागद हाताला लागेल तो. ही चिठ्ठी आपण लिहिली होती हे ती साफ विसरली होती.

आता आठवलं. दवाखान्याचा जिना, दुपारची वेळ, आणि पायरीवर तिच्याशेजारी बसलेला दादा. "टकळे, मला प्रार्थना करता येईना गं. शब्द तोंडाशी येतात, आत काही नसतं. कुणाला बोलू नकोस." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, नाही बोलणार. आणि खरंच ती कुणाला बोलली नव्हती. फक्त देवाला सांगितलं होतं. चिठ्ठी लिहून. पेटीत टाकून.

तिनं दुकान उघडंच टाकलं आणि सुटली. कोट तसाच खांद्यावर, सुई कडेला लटकतेय. रस्त्यात दोघांनी हाक मारली, तिला ऐकू गेली नाही.

दादानं तिच्या हातातला कागद पाहिला आणि आरी खाली ठेवली.

"सापडली होय," तो म्हणाला. "मी शोधली होती खूप. वाटलं, हरवली."

"तुझ्याकडे कशी आली?"

"उपासना संपल्यावर जाऊन उचलली. बाकीच्या चिठ्ठ्यांत पडली होती. नाव नव्हतंच तिच्यावर, पण तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी वाचताना घातलं, 'आपल्या बाइंडरांसाठी.' त्यांना वाटलं, मंडळीला नीट कळावं. चांगला माणूस होता."

"दादा, माझं चुकलं रे." ती रडायला लागली होती. "मला वाटलं सगळ्यांनी मिळून मागितलं तर लवकर... अरे, मी तुझ्या भल्यासाठी..."

"ठाऊक आहे."

"तुला लाज वाटली म्हणून नाही आलास का? एवढ्या लोकांत वाचलं म्हणून?"

दादानं दुसरी खुर्ची ओढली आणि तिला बसवलं.

"लोकांचं काय गं," तो म्हणाला. "ती शेजारी बसली होती."

मावशीला आधी समजलंच नाही.

"सात महिने," दादा म्हणाला. "रोज संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसायचो, तिचा हात हातात घ्यायचो आणि मोठ्यानं प्रार्थना करायचो. तिला श्वास पुरायचा नाही, म्हणून मी. माझ्यात विश्वास नव्हता. मग काय झालं? तिला आवाज हवा होता, मी आवाज देत होतो. तिला झोप लागायची त्यानं. तुला खरं सांगतो, तेवढं एक काम मला नीट जमत होतं. आणि मग त्या रविवारी... तिनं हट्ट धरला म्हणून खुर्चीत घालून नेली होती तिला. चिठ्ठी वाचली. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं."

त्यानं टेबलावरचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला.

"रागावली असती तर बरं झालं असतं. हसली. माझ्या हातावर थोपटलं. संध्याकाळी मी नेहमीसारखा जाऊन बसलो, तर म्हणाली, 'राहू द्या हो. तुम्हाला त्रास नको. माझं मी करते, तुम्ही चहा ठेवा.' त्यानंतर एकोणीस दिवस जगली. रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून एकटीच काहीतरी पुटपुटायची, मधेच धाप लागून थांबायची. आणि मी आत चहा ठेवायचो."

मावशीनं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "पाच वर्षं मी येतेय, जातेय..."

"तुला सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी त्याचीही चिठ्ठी पडली असती पेटीत," दादा म्हणाला. त्याला तिला टोचायचं नव्हतं. तो खरं तेच बोलत होता, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"तू मला माफ कर."

"केलंय गं. कधीच केलंय. पण त्यानं ते एकोणीस दिवस परत येतात का? मी देवावर रागावलोय असंही नाही. त्या बाकावर बसायचं म्हटलं की ती मान वळवते, बस."

मावशीनं डोळे पुसले. तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. कलम! "दादा, ऐक. मंडळीकडून अन्याय झाला असेल तर नाव ठेवता येतं. पाळकांनी दाखवलंय मला. उद्या मी सभेत उभी राहते आणि सांगते, चूक माझी होती, मी चिठ्ठी टाकली, त्यामुळे वहिनी..."

दादानं मान वर केली.

"म्हणजे मला पुन्हा वाचणार तू," तो म्हणाला.

मावशीनं चिठ्ठी मुठीत मिटली.

"आणि आता तिलाही," दादा म्हणाला. "नको, टकळे. हे तिचं आणि माझं आहे. आता तुझंही. कुणाला सांगायचं नाही. पाळकांनाही नाही. शब्द दे."

तिनं शब्द दिला. दुसरं करणार काय होती?

रविवारी प्रभुभोजन झालं. मावशी मेजापुढे गेली, तुकडा घेतला, घोट घेतला, परत येऊन बसली. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर एक नवं जोडपं बसलं होतं, त्यांना कुठून ठाऊक असणार. मग पडदे सारून खिडक्या उघडल्या, चिटणीसांनी टेबल ओढलं आणि सभा सुरू झाली. छपराची गळती, नव्या घंटेची दोरी, आणि मग यादी. चिटणीसांनी दादाचं पूर्ण नाव वाचलं आणि तिच्याकडे बघितलं. रीत अशी होती की भेटीला जाणाऱ्यानं उभं राहून सांगायचं.

मावशी उभी राहिली. "भेटले मी," ती म्हणाली. "येणार नाही. पण कारण आहे. त्या कलमातलं. नाव ठेवावं."

पाळकांचा चेहरा उजळला. "काय कारण, मावशी?"

"सांगता येत नाही."

सभेत चुळबूळ झाली. चिटणीस पेनचं टोपण उघडून बसले होते. "अहो, नोंदवावं लागतं. थोडक्यात सांगा. आजार आहे का?"

"नाही."

"मग मंडळीचं काही चुकलं?"

मावशीनं पुढच्या बाकाची कड धरली.

"सांगून टाका मावशी," मागून कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं. "परकं कोण आहे इथं? सगळी घरचीच माणसं."

घरचीच माणसं. मावशीनं सगळ्यांकडे बघितलं. खरंच घरचीच होती. यातल्या अर्ध्या बायकांनी वहिनीला न्हाऊमाखू घातलं होतं. तिनं आत्ता दोन वाक्यं बोलली असती तर सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या असत्या, हात वर झाले असते, नाव राहिलं असतं, जागा राहिली असती. आणि उद्यापासून बाजारात, जिन्यात, दवाखान्याच्या रांगेत जो तो दादाचा हात हातात घेऊन म्हणाला असता, कळलं हो आम्हाला. जिभेच्या टोकावर आलेलं सगळं तिनं गिळलं.

"कारण न सांगता ठेवूया की," पाळक चाचरत म्हणाले. "मावशींच्या शब्दावर."

तेव्हा डाव्या बाजूला बसलेली एक म्हातारी नर्स उठली. "गेल्या वर्षी माझ्या मुलाचं नाव खोडलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "त्यालाही कारण होतं. मीही सांगू शकले नव्हते. मावशीच तेव्हा म्हणाल्या होत्या, नियम सगळ्यांना सारखा."

म्हणाली होती. मावशीला तेही आठवत होतं.

पाळकांनी खाली बघितलं. चिटणीसांनी पट्टी घेतली, नावावर ठेवली, आणि लाल शाईनं सरळ रेघ मारली. शाई वाळायला कागदावर फुंकर घातली. मावशी खाली बसली.

दुपारी ती दादाकडे गेली. कोट हातात होता, अस्तर शिवलेलं, खिसाही. तिनं तो दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवला.

"खोडलं," ती म्हणाली.

"हं."

"मी नाही सांगितलं. कारण आहे एवढंच म्हटलं. काय ते नाही सांगितलं."

दादानं सुई टेबलावर ठेवली. "राहवलं तुझ्याच्यानं?"

"नाही राहवलं. पण नाही सांगितलं."

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मग त्यानं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "ती जागा आता कुणाला देतील?"

"ठाऊक नाही रे, दादा."

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. मावशीला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेली नाही. जाऊन काय करणार होती? चौदा माणसांना तिनं हाताला धरून परत आणलं होतं, आणि हा समोर बसलेला, तिच्या पाठचा नव्हे, तिच्या आधी जन्मलेला, तिला बोटाला धरून शाळेत नेणारा. याला कुठं न्यायचं ते तिला कळत नव्हतं.

"मी काही करू का तुझ्यासाठी?" तिनं विचारलं.

"काही करू नकोस," दादा म्हणाला. "बस नुसती. मी चहा ठेवतो."

तो पडद्याआड गेला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा आला. मावशी एकटीच खुर्चीत बसली होती, आणि तिचे ओठ सवयीनं हलायला लागले. दुःखात असलेल्या माणसाच्या घरी बसलं की ते आपोआप हलायचे. पडदा जरासा सरकला. दादानं बघितलं.

"कर, कर," तो हळूच म्हणाला. "मी आत आहे."

पडदा पुन्हा मिटला. मावशीनं डोळे मिटले. शब्द सगळे पाठ होते, एकामागून एक तोंडाशी आले. आत काही नव्हतं. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. पाणी उकळायला लागलं होतं, त्याचा आवाज येत होता, आणि ती ओठ हलवत बसली होती, रिकामे.

"दादा," तिनं हाक मारली. "मला येईना रे."

तो बाहेर आला. तिच्याकडे नीट बघितलं. हातातला कप तिच्या दोन्ही हातांत दिला, आणि तिची बोटं कपाभोवती नीट धरतील तोवर आपला हात काढला नाही.

"कुणाला सांगणार नाही मी," तो म्हणाला.